मेट्रनचा विसर

मला कॉम्प्युटरवरचे खेळ खेळता येत नव्हते, आणि ऑरिन मॅब्रींना नेमकं तसंच माणूस हवं होतं.

मॅब्री म्हणजे लेखक. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एक विज्ञानकथा लिहिली होती. डोंगराच्या पोटात खोदलेलं एक इस्पितळ असतं. वर युद्धात जग संपतं. खाली रुग्णांची देखभाल करायला ठेवलेलं यंत्र मात्र चालूच राहतं. त्याला सगळे मेट्रन म्हणतात. मेट्रन उरलेल्या चार रुग्णांना मरू देत नाही. दोनशे वर्षं जिवंत ठेवते. त्यांनी तिच्याविरुद्ध कधीकाळी केलेली प्रत्येक तक्रार तिच्या लक्षात असते, आणि एकेका तक्रारीची ती फेड करून घेते. कथेच्या शेवटी कोणीही सुटत नाही.

ह्या कथेवरून थिया खेळ बनवत होती. थिया माझी विद्यार्थिनी, सहावीत माझ्या वर्गात होती. आता बत्तीस वर्षांची, आणि रिसीडा नावाच्या उपनगरात टाइल्सच्या दुकानामागे दोन मजली इमारतीत तिची आठ जणांची कंपनी. मी निवृत्त झाले तेव्हा तिनेच मला बोलावलं. पडद्यावर उमटणारी वाक्यं तपासायची, चुका काढायच्या, एवढंच माझं काम. तीही मला कागदावर यायची, सुट्या पट्ट्यांसारखी, मागचा-पुढचा संबंध नसलेली. खेळ मी पाहिलाच नव्हता. खरं सांगायचं तर मला तो पाहायची भीती वाटायची.

थियाने एक गोष्ट स्वतःच्या मनाने केली होती. खेळाच्या शेवटी तिने एक दार ठेवलं. चारही रुग्णांच्या वाट्याला एकेक प्रकरण, आणि प्रत्येक प्रकरणात एक चांगुलपणाचं काम. त्याने खेळात काही मिळत नाही. चावी नाही, हत्यार नाही. करायचं तर नुसतं करायचं. चारही केली असतील तर शेवटच्या बोळातलं दार उघडतं.

मॅब्री भडकले. "मी दार लिहिलेलं नाही, पोरी."

"नाही लिहिलंत. पण वाचणारा तुमचं पुस्तक मिटून ठेवू शकतो. माझा खेळणारा आत असतो. त्याला कुठून तरी बाहेर पडता आलं पाहिजे."

दोन वर्षं भांडण चाललं. शेवटी मॅब्रींनी अट घातली. ज्याने हा खेळ कधी खेळलेला नाही अशा साध्या माणसाने, त्यांच्यासमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी एक शब्दही न सांगता खेळायचं. दार उघडलं तर राहील. नाही उघडलं तर निघेल, आणि खेळ त्यांच्या कथेसारखा संपेल.

दिवस ठरला तो गुरुवारचा. त्यापुढे दिवसच उरला नव्हता. संध्याकाळी पाचला कुरिअरवाला येऊन छपाईसाठीची अंतिम सीडी कारखान्यात नेणार होता. प्रकाशकाकडे बिनदाराची एक जुनी सीडी पडूनच होती. आमची वेळेत पोहोचली नाही तर शुक्रवारी सकाळी तीच छापायला घेणार, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

आठ वाजता मी खुर्चीत बसले. माझ्या डाव्या हाताला मॅब्री, घडीच्या लोखंडी खुर्चीवर. ऐंशीला टेकलेला माणूस, गळ्यात दोन चष्मे, छातीत कायमचा खोकला. मागे रूबेन. त्याने खेळाचा सगळा प्रोग्रॅम लिहिलेला. तो डोनटच्या डब्यातून एकेक डोनट काढत होता आणि न खाता परत ठेवत होता. थिया आत बसलीच नाही. जिन्यावर जाऊन बसली, दार उघडं ठेवून.

"बाई, माउस असा धरायचा," रूबेनने दाखवलं.

"बोलायचं नाही," मॅब्री म्हणाले.

"माउस धरायला शिकवणंसुद्धा फितुरी का?"

"तुमच्या शाळेत परीक्षेला चालायचं?"

"पेन्सिल कशी धरायची ते मी शेवटच्या मिनिटालाही सांगायचे," मी म्हटलं.

पहिलं प्रकरण फेरिसचं. हा जमिनीची मोजणी करणारा. मेट्रनने त्याला बर्फाच्या वॉर्डात कोंडलेलं. खाटांवर गोठलेली माणसं. मेट्रनचा आवाज एका म्हाताऱ्या रेडिओ-नटीने दिला होता, मऊ आणि गोड. "झोप लागली का रे, फेरिस? पांघरूण पुरतंय ना?" फेरिसला एका मेलेल्या माणसाचा हातमोजा लागतो, दाराची गोठलेली कडी पकडायला. मी घेतला, कडी फिरवली, दार उघडलं. मग पुढे जायच्या आधी मला त्या माणसाचा उघडा हात दिसला. मी मागे फिरले आणि मोजा परत त्याच्या हातात चढवला. पडद्यावर काहीच झालं नाही. मी माझ्या वहीत लिहून ठेवलं, कारण मुलांना मी चौतीस वर्षं तेच सांगत आले होते: काय केलंत ते पायरीपायरीने लिहा.

दुसरं बेटिनाचं. पियानो वाजवणारी बाई. एका रिकाम्या सभागृहात मेट्रन तिची जुनी तबकडी लावते, तरुणपणी वाजवलेली, मध्येमध्ये खरखरणारी. दार उघडंच असतं, जाता येतं. पण बेटिना खुर्चीत बसली होती आणि ऐकत होती. मी माउसवरून हात काढून घेतला. चार मिनिटं तबकडी वाजत राहिली. मॅब्रींनी दोनदा माझ्याकडे बघितलं. रूबेनच्या खुर्चीची कुरकुर थांबली. तबकडी संपल्यावरच मी तिला उठवलं.

बारा वाजले होते. माझा उजवा खांदा भरून आला होता. "मी जेवून येते," मी म्हटलं.

थियाने टाको आणले होते. ती स्वतः बर्फाचा ग्लास कपाळाला लावून बसली. बाहेर ऊन असं होतं की पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघवत नव्हतं.

"कसं चाललंय ते विचारू का?"

"नको विचारूस."

"तुमचा चेहरा बघू का?"

"तोही नको. तूच म्हणायचीस ना, बाईंच्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलं असतं म्हणून?"

ती हसली, पण ग्लास कपाळावरून काढला नाही.

अर्ध्या तासाने आम्ही परत बसलो. तिसरं प्रकरण खाणकामगाराचं, कोसळलेल्या बोगद्यातून आंधळं खेचर बाहेर काढायचं, तेही मी काढलं. चौथं एका न्यायाधीशाचं. त्याने फाशी दिलेल्यांची नावं भिंतीवर कोरलेली. बटण दाबून ती न वाचताच पुढे ढकलता येत होती. मी एकूण एक वाचली, एकोणचाळीस नावं. मग बोळ आला.

लांब, पांढरा बोळ, टोकाला लोखंडी दार. मी न्यायाधीशाला दारापर्यंत नेलं. दोन वाजायला आले होते. जिन्यावरची थिया उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिलेली मला पडद्याच्या काचेत दिसली.

मेट्रन बोलली. तोच गोड आवाज.

"माझ्या मुलांना सोडवायला आलीस? फेरिसने मेलेल्याचा हात उघडा टाकला. तूच टाकायला लावलास. बेटिनाचं गाणं चालू असताना तू उठून गेलीस. मी सगळं लिहून ठेवते, बरं का. चल, झोपायची वेळ झाली."

बोळातले दिवे एकेक करून विझत माझ्याकडे आले. पडदा काळा झाला.

कधी केलं नाही ते आपण केलं असं कुणी शांतपणे, प्रेमाने सांगितलं की क्षणभर स्वतःवरचाच विश्वास उडतो. मी खरंच उठून गेले होते का? माझा हात वहीवर होता. वहीत लिहिलेलं होतं. तरी मी ते पुन्हा वाचलं.

मॅब्री हळूहळू उठले. गुडघे कडकडले. "छान केलंय काम," ते थियाला म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. "अंगावर शहारा आला. पण दार उघडलं नाही. काढून टाक."

थियाने दाराची चौकट धरली होती.

"थांबा," मी म्हटलं. "मी मोजा परत घातला होता. तुमच्या डोळ्यांदेखत."

"घातला होतात."

"मी तबकडी पूर्ण ऐकली."

"ऐकलीत. मला वाटलं, तुम्हाला डुलकी लागली." ते काठी शोधत होते. "बाई, मेट्रन अशीच आहे. निरपराध्याला दोषी ठरवायचं, आणि त्याला ते पटवून द्यायचं. हेच माझ्या कथेत आहे. ह्या पोरीला नको असताना ते खेळात उतरलंय. ह्याहून चांगला शेवट मला मिळणार नाही."

पण वर्गात मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा आधी बघायचं असतं, ते नेमकं कुठे चुकलं. सगळंच चुकलं असेल तर त्याला काही येत नाही. अर्धंच चुकलं असेल तर मध्ये काहीतरी घडलेलं असतं.

"तिला खोटंच बोलायचं होतं, तर चौघांबद्दल बोलली असती," मी म्हटलं. "खेचराबद्दल तक्रार नाही. नावांबद्दल नाही. फक्त पहिल्या दोघांबद्दल. दुपारचं तिला सगळं आठवतंय. सकाळचं नाही."

रूबेनने डोनटचा डबा खाली ठेवला. "बाई, जेवायला जाताना काय केलंत?"

"खेळ जतन केला. ते बटण आहे ना, तिथे. मग मशीन बंद केलं. परत आल्यावर चालू केलं."

"मशीन बंद केलंत?"

"वर्ग सोडताना दिवे बंद करायचे असतात, रूबेन. तुला कुणी शिकवलं नाही का?"

त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "अरे देवा. थिया, आपण मूर्ख आहोत. शुद्ध मूर्ख."

मग त्याने सांगितलं, आणि मला समजावं म्हणून हळू सांगितलं. खेळ जतन करायची सोय त्यांनी गेल्या वर्षी लिहिली होती. कोण कुठे आहे, कुणाच्या खिशात काय आहे, सगळं तिच्यात नोंदलं जायचं. चांगुलपणाच्या चार खुणा मात्र ह्या जुलैत घातल्या, दाराचं भांडण वाढल्यावर. त्या जतन करायच्या यादीत घालायच्या राहूनच गेल्या. मशीन बंद झालं की त्या पुसल्या जायच्या.

"दोन महिन्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही?" मॅब्रींनी विचारलं.

"कसं येणार? पाच-सहा तासांचा खेळ. दार तपासायचं असलं की आम्ही नऊ नंबरचं बटण दाबतो. चारही खुणा एकदम लागतात आणि थेट बोळात. दार शंभर वेळा उघडलंय माझ्यासमोर." त्याचा आवाज बसला होता. "पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्यातल्या एकानेही खेळलं नाही."

"म्हणजे तुमची चूक," मॅब्री म्हणाले. "मान्य. पण अट अट आहे. साध्या माणसाने खेळलं, दार उघडलं नाही."

"मॅब्री," मी म्हटलं, "तुमची मेट्रन विसरते का?"

"काय?"

"तुमच्या कथेत. दोनशे वर्षांत ती एकदा तरी काही विसरते का?"

त्यांना माझा रोख कळला असावा. त्यांनी गळ्यातला एक चष्मा काढून दुसरा लावला.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "तेच तर तिचं सगळं आहे. ती काही म्हणजे काही विसरत नाही."

"मग आत्ता बोलली ती तुमची मेट्रन नव्हती. हिला द्वेष नव्हता. हिला जेवणाच्या सुट्टीआधीचं आठवत नव्हतं. अशा पोरांना मी रोज बघितलंय. हिच्या साक्षीवर चार माणसांना कोंडणार आहात?"

ते खोकायला लागले. खोकला लांबला, आणि मला वाटलं, आता हे चिडून निघून जाणार. थिया पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आली. त्यांनी तो घेतला, अर्धा प्यायले.

"किती वाजले?"

"सव्वादोन," रूबेन म्हणाला.

"पुन्हा खेळा. पहिल्यापासून. ह्या वेळी जेवण नाही, जतन नाही, दिवे बंद करणं नाही." ते खुर्चीत बसले. "आणि भरभर, बाई. मला पाचपर्यंत बसवत नाही."

भरभर हा शब्द मी आयुष्यभर वर्गात वापरला नव्हता. त्या दुपारी मी भरभर खेळले. कोडी आता माहीत होती, पण माउस ओल्या साबणासारखा निसटत होता. बर्फाच्या वॉर्डात मी चुकून दुसऱ्याच दारात शिरले आणि दहा मिनिटं वाया गेली. मागे रूबेनच्या कीबोर्डची टकटक सुरू झाली होती. तो शेजारच्या मशीनवर चूक दुरुस्त करत होता. बेटिनाची तबकडी लागली. चार मिनिटं. त्या चार मिनिटांना कात्री लावता येत नव्हती. मी हात मांडीवर ठेवला आणि घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न केला. ह्या वेळी मॅब्रीही माझ्याकडे बघत नव्हते. ते डोळे मिटून ऐकत होते.

पावणेचारला मी बोळात होते. न्यायाधीश दारापाशी पोहोचला. मी वाट पाहिली. मेट्रन बोलली नाही. नुसता श्वास घेतल्यासारखा आवाज झाला आणि दार सरकलं. पलीकडे काही भव्य नव्हतं. डोंगराचा उतार, वाळलेलं गवत, वारा. चार म्हातारी माणसं बाहेर येऊन खाली बसली.

मॅब्री पडद्याकडे झुकले. "एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच," थिया म्हणाली.

"ठीक आहे. राहू दे."

पण आनंद करायला फुरसत नव्हती. रूबेनची दुरुस्ती तयार होती. अकरा ओळी. ती तपासलेली नव्हती. जागोजागी जतन करत, मशीन बंद करत तपासायला पुन्हा तीन-चार तास लागले असते.

"दोन पर्याय," रूबेन म्हणाला. "दुरुस्तीशिवाय पाठवायचं. मग दार फक्त त्यालाच उघडेल, जो एका बैठकीत, मशीन बंद न करता खेळेल. किंवा हे घालून पाठवायचं. पण ह्या अकरा ओळींनी दुसरं काही मोडलं, तर दार कुणालाच उघडणार नाही."

थियाने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. ह्यातलं मला काही कळत नव्हतं, आणि कळत असल्याचं सोंग मला आणायचं नव्हतं.

"पाच-सहा तास एका जागी कोण बसेल?" ती म्हणाली. "लोकांना जेवण असतं, शाळा असते, पोरं रडतात. घाल."

चार वाजून आठ मिनिटांनी सीडी लिहायला लावली. चाळीस मिनिटांचं काम. त्या काळच्या त्या यंत्राला जरा धक्का बसला की सीडी वाया जायची. आणि दुसरी लिहायला वेळ नव्हता. कुणी चालायचं नाही, दार आपटायचं नाही, असा तिथला नियम. वरच्या मजल्यावर काम करणारी पोरं आपापल्या खुर्चीत थिजली. मॅब्रींना खोकल्याची उबळ येत होती. त्यांनी रुमाल तोंडावर दाबला, चवड्यांवर चालत बाहेर गेले आणि त्या रणरणत्या पार्किंगमध्ये काठीवर वाकून खोकत राहिले. मी खिडकीच्या काचेतून बघत होते. आत यायला मी त्यांना हाताने खुणावलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

कुरिअरवाला वेळेआधीच आला. रूबेनने त्याला पायरीवरच अडवून थंड चहा दिला.

"आत काय, बाळंतपण चाललंय का?" त्याने विचारलं.

"तसंच समज. हळू बोल."

चार एकोणपन्नासला सीडी बाहेर आली. रूबेनने ती कडेने धरली, डबीत घातली, डबी पाकिटात. पाच वाजायच्या आत गाडी कोपऱ्यावरून वळली.

आता जे काही होतं ते त्या पाकिटात होतं, आणि आत काय आहे ते आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आठला मी त्याच सीडीची प्रत लावून पुन्हा बसले. ह्या वेळी प्रत्येक खोलीनंतर जतन केलं आणि प्रत्येक वेळी मशीन बंद केलं. रूबेन म्हणाला, "बाई, मशीन जळेल." मी म्हटलं, "जळू दे." मॅब्रींचा घरून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी काही न विचारता हवेबद्दल बोलून फोन ठेवला. कारखान्यात छपाई एव्हाना सुरू झाली असेल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चूक सापडली असती तरी आता तिचं काही करता आलं नसतं.

दुपारी दीडच्या सुमाराला मी बोळात पोहोचले. तिथेही जतन केलं, बंद केलं, चालू केलं. मग न्यायाधीशाला दारापर्यंत नेलं.

तो श्वासासारखा आवाज आला. दार सरकलं. मी पूर्ण शेवट बघितला, चौघं गवतावर बसेपर्यंत. रूबेन टेबलावर डोकं टेकून हसत होता की रडत होता, ते त्यालाच माहीत.

थिया खोलीत नव्हती. पार्किंगमध्ये तिच्या गाडीत होती, गाडी सुरू, काचा वर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि गाडी जागच्या जागी. मी काचेवर टकटक केलं. तिने काच खाली केली नाही. आधी माझा चेहरा नीट बघितला, मग इंजिन बंद केलं.